नकाशात नसलेला नाला: ओढ्याकाठच्या कामाचा अनुभव

पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी पुण्यात टेकड्यांच्या उतारावर आणि ओढ्याकाठी चर, गवत व झाडे यांनी पुराचे पाणी अडवण्याच्या कामात आले, तेव्हा पूर म्हणजे नकाशावरची निळी रेघ फुगणे एवढीच माझी समज होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले; त्यानंतर काही काळाने त्यांपैकी एका वस्तीत माहिती गोळा करताना एका आजींनी मला नकाशा मिटायला लावून भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली, ती माझ्या खांद्याला लागत होती. "पाणी ओढ्याकडून नाही आलं, बाई, मागच्या गल्लीतून आलं," असे त्या म्हणाल्या. टेकडीवरून उतरणारा नाला बुजवून ती गल्ली झाली होती, आणि माझ्या नकाशात तो नाला नव्हता. म्हणून नवीन येणाऱ्यांना मी सांगते, की पहिला पावसाळा रोपे लावण्यात घालवू नका. भर पावसात छत्री घेऊन उतारावरून चाला आणि पाणी कुठून कुठे जाते ते तिथल्याच माणसांना विचारा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते, म्हणजे ५० मिलिमीटरला ५ लाख लिटर. पाणी अडवायला उतारावर एकाच उंचीवरून आडवा खणलेला तो समतल चर; ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल अशा चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर मावतात. ३०० मीटर चर खणला, तरी एका भरण्यात जेमतेम ५४ हजार लिटर अडतात. चर खणल्याने पूर थांबतो असे वस्तीला सांगणे म्हणूनच खोटे ठरते. गवत, चर, ओढ्याकाठची मोकळी जागा आणि वेळेवर मिळणारी सूचना यांची जोड लागते.

चराची पातळी घेताना माझी एक चूक झाली, ती सविस्तर सांगते. हायड्रोमार्करच्या, म्हणजे पाणी भरलेल्या नळीने समान उंचीच्या जागा शोधायच्या साधनाच्या, पारदर्शक नळीत करंगळीच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता आणि तो माझ्या लक्षात आला नाही. चर एका टोकाला उतरता खणला गेला, दुसऱ्याच मोठ्या पावसात सगळे पाणी त्या टोकाला साचून बांध फुटला आणि जिथे काहीच नव्हते तिथे घळ पडली. ती बुजवायला आम्हाला चर खणण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

झाडांबाबतही घाई नको. पुण्याच्या टेकड्यांवर माती उथळ आहे, तिथले मूळचे गवत उखडून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हे बाहेरून आणलेले झाड) दाटीने लावणे मला तरी पटत नाही. करंज, उंबर, वाळुंज ही झाडे ओढ्याकाठी शोभतात आणि टिकतात.

शिक्षणासाठी भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था किंवा प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेली इकॉलॉजिकल सोसायटी, आणि भूजलाच्या अभ्यासासाठी ॲक्वाडॅम ही संस्था, असे पर्याय शहरातच आहेत.

मात्र वस्तीच्या बैठकीत जो प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी कोणताही अभ्यासक्रम करून घेत नाही: "काठावर झाडं लावाल, मग आम्हाला उठवाल का?" पूर्वी मी "नाही हो, तसं काही नाही" म्हणून वेळ मारून नेत असे. आता जमीन कोणाची, पूररेषा (पुराचे पाणी जिथवर येते ती हद्द) कुठून जाते आणि घरांच्या नोंदी काय आहेत, हे कागद आधी मिळवते आणि बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवते. रोपांचा विषय त्यानंतरच काढते.