मका पेरताय? आधी एकरी ताटं ठरवा, इंच नंतर

मृग तोंडावर आहे. बुलडाण्याकडे मोताळा, मलकापूर, नांदुरा या भागात मका आधीपासून घेतात. आता सोयाबीनच्या भावाला कंटाळून अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळकडचे कास्तकारही दोन-चार एकर वावर मक्याखाली घालताहेत. इथेनॉलमुळे मागणी आहे, 2025-26 च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये जाहीर झाला होता, त्यामुळे ओढा वाढणारच. मात्र यातल्या बऱ्याच जणांचा हात सोयाबीनवर बसलेला आहे आणि घरचं पेरणी यंत्रही सोयाबीनचंच आहे. म्हणून पेरणीआधी अंतराचा विषय नीट समजून घ्या. मक्यात पेरताना जे चुकतं ते पुढे खतानं भरून निघत नाही आणि फवारणीनंही नाही.

सोयाबीन विरळ उगवलं तर फांद्या करून जागा भरतं. तूर तर हातभर जागा मिळाली की पसरते. मक्याला ही सोय नाही. एका ताटाला, म्हणजे मक्याच्या एका झाडाला, एकच कामाचं कणीस लागतं. दुसरं लागलं तरी बहुतेक वेळा भरत नाही. ताट मेलं की त्या जागेचं कणीस गेलं. शेजारच्या ताटाचं कणीस थोडं मोठं होईल, पण नुकसान पूर्ण भरून काढणार नाही. म्हणून मक्याचं उत्पन्न मोजायचं तर आधी विचारायचं की एकरात भरलेल्या कणसाची ताटं किती.

हिशेब करून बघा. चांगल्या कणसावर दाण्यांच्या 14 ओळी आणि एका ओळीत 32 दाणे धरले तर 448 दाणे होतात. हजार दाण्यांचं वजन 250 ग्रॅम धरलं तर एका कणसाचा दाणा 112 ग्रॅम भरतो. अशी 26,000 ताटं म्हणजे एकरी 29 क्विंटल. आता त्याच रानात 36,000 ताटांची गर्दी झाली, कणसं आखूड राहिली आणि ताटामागे दाणा 60 ग्रॅमवर आला, तर 22 क्विंटलच हाती येतात. उलट 18,000 ताटं राहिली आणि कणीस शेंड्यापर्यंत भरून 130 ग्रॅम दाणा निघाला, तरी 23 क्विंटलच. विरळ रानातलं मोठं कणीस हातात घेतलं की बरं वाटतं, पण काट्यावर ते कमीच भरतं.

गर्दीत कणीस आखूड का राहतं हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. कणसावर ओळी किती असाव्यात हे बहुतेक वाणावर असतं. ओळीत दाणे किती भरतील हे मात्र तुरा येण्याच्या आगेमागे ताटाला ऊन, पाणी, नत्र किती मिळतं त्यावर ठरतं. कणसाचा एक एक केस म्हणजे एक एक दाणा. तुऱ्यातून परागकण साधारण आठवडाभर पडतात. ताटं दाटीत असली आणि वरून पाण्याची ओढ बसली, की तुरा वेळेवर येतो पण केस उशिरा बाहेर पडतात. तोवर पराग संपलेला असतो. मग कणसाचा शेंडा रिकामा राहतो, नाहीतर ताट वांझच जातं. आपल्याकडे जूनच्या शेवटी पेरलेला मका 50-55 दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुलोऱ्यात येतो, आणि पावसाची मोठी उघाड अनेकदा त्याच सुमारास पडते. कोरडवाहू मक्यात दाटी करू नका असं म्हणतात ते या पंधरा-वीस दिवसांसाठी.

जमीन बघून आकडा

एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. दोन ओळींत 60 सेंमी (दोन फूट) आणि दोन ताटांत 20 सेंमी ठेवले तर एकरी सुमारे 33,700 जागा होतात. तेच 25 सेंमी केलं तर 27,000 आणि 30 सेंमी केलं तर 22,500. ओळी अडीच फुटांवर (75 सेंमी) नेऊन ताटं 20 सेंमीवर ठेवली तरी 27,000 च होतात. याचा अर्थ एकच आकडा दोन-तीन तऱ्हांनी गाठता येतो.

भारी काळी जमीन, विहिरीचं खात्रीचं पाणी आणि खत पूर्ण द्यायची तयारी असेल तर 60×20. तशीच जमीन पण कोरडवाहू असेल, किंवा मध्यम जमिनीला एखाद-दुसरं संरक्षित पाणी मिळत असेल, तर 60×25. बरड, मुरमाड वावरात 60×30 पेक्षा दाट पेरू नका. बरडावर दाट पेरलेला मका जुलैत सुंदर दिसतो आणि ऑगस्टमध्ये पानं गुंडाळतो. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याच्या भरवशावर ताटं वाढवू नका, मका खाऱ्या पाण्याला नाजूक आहे. वाणही बघा. लवकर येणारा, बुटका, उभ्या पानांचा संकरित वाण थोडी जास्त दाटी सोसतो. उंच आणि रुंद पानांच्या उशिराच्या वाणाला मोकळं सोडावं लागतं.

चाऱ्यासाठी पेरायचा असेल तर गोष्ट वेगळी. आफ्रिकन टॉलसारखा चाऱ्याचा मका 30 सेंमीच्या ओळीत दाटच पेरतात. दाणाही हवा आणि कडबाही भरपूर हवा म्हणून दाण्याचा मका दाट करू नये. हवा तर चाऱ्याचा मका वेगळ्या गुंठ्यांत घ्या.

ओळीतलं अंतर औजारावर ठरवा

ओळ 60 ची की 75 ची यावर पारावर तासन्‌तास वाद होतात. माझं मत असं की ताटांची संख्या बरोबर असेल तर या दोहोंतला फरक फार मोठा नाही. ओळ अरुंद असली की पानं लवकर जुळतात, जमीन झाकली जाते, तणाला ऊन मिळत नाही, ओल थोडी टिकते. ओळ रुंद असली की डवरा (कोळपणीचं औजार) मोकळा चालतो आणि युरिया टाकायला माणूस सहज फिरतो. शिवाय 2018 पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या रानात आली आहे. तिच्यासाठी फवारा वरवर मारून भागत नाही, पोंग्यातच (शेंड्याच्या पानांच्या गाभ्यात) पडावा लागतो. पाठीवर पंप घेऊन तासातून (ओळींमधून) चालणाऱ्या माणसाला जागा लागते, हे पेरतानाच लक्षात ठेवा.

अमेरिकेतल्या मका पट्ट्यात पूर्वी ओळी 40 इंचांच्या असत, कारण मधून घोडा चालायचा. ट्रॅक्टर आला तशा त्या 30 इंचांवर आल्या, आणि आजही बहुतेक रान 30 इंचांचंच आहे. तिथलं उत्पन्न वाढलं त्याचं मोठं कारण ओळ अरुंद झाली हे नाही. गर्दीतही कणीस भरणारे संकरित वाण आले आणि एकरी ताटं दुपटीहून वाढली, हे खरं कारण. पण त्या ताटांच्या मागे तिथली खोल जमीन आणि भरपूर खत आहे. त्यांचा एकरी आकडा उचलून आपल्या कोरडवाहू वावरात आणू नका.

तुमचं सोयाबीनचं यंत्र 18 इंचांचं असेल आणि फण सरकवता येत नसतील तरी अडून बसू नका. 18 इंचांच्या काकरात ताटातलं अंतर एक फूट ठेवा, एकरी 29,000 च्या आसपास ताटं बसतील. डवऱ्याला मात्र जागा कमी राहील, म्हणून पहिला फेर लवकर घ्यावा लागेल. फण सरकत असतील तर दोन फुटांवरच लावा. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्र मिळत असेल तर काळ्या जमिनीत ते सगळ्यात चांगलं. गुडघ्याएवढा होईपर्यंत मका साचलेल्या पाण्यात तग धरत नाही, आणि सरीतून पाणी निघून गेलं तर पेरलेली ताटं जागेवर राहतात.

चाड्यावरची मूठ

आपल्याकडे एकरी उत्पन्न जातं ते 60 की 75 या प्रश्नापेक्षा असमान पेरणीमुळे जास्त, असं मला रानोरान दिसतं. एका ठिकाणी तीन ताटं एकमेकांना चिकटून, पुढे हातभर रिकामं, पुन्हा दोन ताटं. एकरी सरासरी काढली तर आकडा बरोबर येतो, कणसं मात्र येत नाहीत. तिफणीनं पेरणार असाल तर चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरणारं माणूस सरावाचं हवं. सोयाबीनची भरभर सुटणारी मूठ इथे चालत नाही. वितीवर एक दाणा पडला पाहिजे, आपली वीत साधारण 20-22 सेंमीची असते. ट्रॅक्टरचं यंत्र असेल तर चकती मक्याचीच लावा आणि चालकाला हळू चालवायला सांगा. वेगात दाणा उसळतो, कुठे दोन पडतात, कुठे एकही नाही. दाणा 4 ते 5 सेंमी खोल आणि सगळीकडे सारखाच पडावा. वर राहिला तर पाखरं वेचतात, खोल गेला तर उशिरा निघतो. आजूबाजूच्या ताटांना दोन-तीन पानं आल्यावर निघालेलं ताट पुढे सावलीतच राहतं. ते पाणी आणि खत खातं, दाणा देत नाही.

बियाणं घेताना पिशवीचं वजन बघता तसा दाण्याचा आकारही बघा. चार किलोच्या पिशवीत हजारी वजन 250 ग्रॅम असेल तर 16,000 दाणे असतात, 300 ग्रॅम असेल तर 13,300 च. ‘एकरी दोन पिशव्या’ हा हिशेब म्हणून सगळीकडे सारखा लागत नाही. पिशवीवरची उगवणशक्ती बघा आणि हव्या असलेल्या ताटांपेक्षा दहा टक्के दाणे जास्त धरा.

पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी एक दोरी घेऊन रानात जा. ओळी दोन फुटांवर असतील तर दोरी 22 फुटांची घ्या. ती एका तासाला लावा आणि तेवढ्या लांबीतली ताटं मोजा. त्या आकड्यापुढे तीन शून्यं लावली की एकरी ताटं समजतात. 27 भरली तर 27,000. ओळी 18 इंचांच्या असतील तर दोरी एकोणतीस फुटांची आणि 75 सेंमीच्या असतील तर पावणेअठरा फुटांची लागेल. धुऱ्याजवळ (बांधाजवळ), मधे, उतारावर अशा पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा.

जास्त भरली तर त्याच आठवड्यात विरळणी करा. ओल असताना, दोन-तीन पानांवर, एका जागी एक धट्टंकट्टं ताट ठेवून बाकीची उपटा. जिवंत रोप उपटायला हात धजत नाही, घरातली म्हातारी माणसं तर नाराजच होतात. पण ती दोन रोपं महिन्याभरात एकमेकांना खातात. नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायच्या असतील तर उगवण दिसल्याबरोबर, चार-पाच दिवसांच्या आत, भिजवलेलं बी टोकून भरा. त्यानंतर मका टोकण्यात अर्थ नाही, त्या जागी चवळी टाका.

ताटं वाढवली की खतही त्या हिशेबानं द्यावं लागतं. 60×20 ला हेक्टरी 120 किलो नत्र आणि 60 किलो स्फुरद धरलं तर एकरी साधारण एक गोणी डीएपी आणि 45 किलोच्या दोन गोण्या युरिया होतो. डीएपी पेरताना द्या. युरिया तीन वेळा विभागून द्या: थोडा पेरताना, मोठा हप्ता मका गुडघ्याला आला की, उरलेला तुरा दिसायच्या आधी, आणि दर वेळी ओल असताना. माती परीक्षण केलं असेल तर पालाश आणि जस्त त्याप्रमाणे द्या. एवढं खत परवडत नसेल तर ताटं 27,000 वरच ठेवा.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरं खातील म्हणून काही जण सबंध वावर दाट पेरतात. त्यातून जनावराचं पोट भरतं, पण वाचलेल्या ताटांची कणसंही बारीक राहतात. जंगलाच्या कडेला वावर असेल तर फक्त धुऱ्याकडचे चार-सहा तास जरा दाट पेरा, आतलं रान नेमक्या अंतरावर ठेवा आणि राखणीचं बघा.

रब्बीचा मका घेणार असाल तर पऱ्हाटीसाठी (कपाशीसाठी) आणलेलं ठिबक वापरता येतं. नळ्या चार फुटांवर असतील तर नळीच्या दोन्ही बाजूंना मिळून 45 सेंमीवर दोन ओळी घ्या आणि पुढे 75 सेंमी मोकळं सोडा. अंतर सरासरी दोन फुटांचंच पडतं, म्हणून ताटं 20 सेंमीवर ठेवली की एकरी 33,700 होतात. नळ्या पाच फुटांवर असतील तर जोडओळ 50 सेंमीची आणि मधे 100 सेंमी रिकामं, तेव्हा 20 सेंमीवर 27,000 ताटं बसतात. रब्बीत ऊन स्वच्छ असतं आणि पाणी हातात असतं, म्हणून चार फुटी ठिबकावरची ती दाटी सोसते. फक्त तुरा आणि केस येण्याच्या काळात पाण्याचा एकही फेर चुकवू नका.