गॉथिकचा पेपर घेताय? आधी दोन प्रस्तावना वाचा

एमए इंग्लिशला गॉथिकचा, म्हणजे जुने किल्ले, गुपितं आणि भीती असलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा, पेपर घेतला तेव्हा मला वाटलेलं भुताच्या गोष्टी वाचायच्या आणि मार्क घ्यायचे, आणि त्याच भरात मी सुरुवात केली ती थेट ॲन रॅडक्लिफच्या 'युडॉल्फो' या कादंबरीपासून (१७९४). चार खंड! नावातला तो किल्ला यायलाच दुसरा खंड उजाडतो, तोवर नुसते डोंगर, सूर्यास्त आणि हिरॉइनच्या कविता. मी मध्येच सोडलं.

तुम्ही असं करू नका. हॉरेस वॉलपोलचं 'कॅसल ऑफ ओट्रँटो' घ्या, छोटंसं आहे, आणि गोष्टीच्या आधी त्याच्या दोन्ही प्रस्तावना वाचा. १७६४च्या डिसेंबरात ते आलं तेव्हा त्यावर त्याचं नावच नव्हतं, वर पहिल्या प्रस्तावनेत थाप अशी की १५२९ला नेपल्समध्ये छापलेलं जुनं पुस्तक एका कॅथलिक घराण्याच्या लायब्ररीत सापडलं, आम्ही फक्त भाषांतर केलं. म्हणजे कोणी हसलंच तर बोट जुन्या लोकांकडे! पुस्तक खपलं, मग १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे माझंच असं कबूल करून शीर्षकाला 'अ गॉथिक स्टोरी' असं जोडलं. तेव्हा गॉथिक म्हणजे भुताचं नाही हं, मध्ययुगीन, जुनाट, थोडं रानटी. सापडलेली कागदपत्रं ही सवय मात्र इथून पुढे टिकली, १८९७चा 'ड्रॅक्युला'सुद्धा डायऱ्या आणि पत्रांतूनच येतो.

पहिल्याच सीनला लग्नाच्या दिवशी नवरामुलगा काळ्या पिसांच्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. मी लायब्ररीत फिस्सकन हसले. पण शिरस्त्राण कोणाचं विचारा, सगळं उलगडतं: नवऱ्यामुलाचा बाप आणि किल्ल्याचा मालक मॅनफ्रेड, त्याच्या आजोबाने ज्याला विष देऊन गादी लाटली त्या अल्फोन्सोचं. थोडक्यात भूत सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला आलंय. पडके वाडे, भुयारं, कोंडलेल्या मुली हे सगळं पाठ करण्यापेक्षा मालमत्ता कोणाची आणि ती कशी हडपली हे शोधा, ते जास्त कामाला येतं.

दुसरी चूक म्हणजे परीक्षेत टेरर आणि हॉरर एकच धरले, मार्क गेले. रॅडक्लिफचा निबंध तिच्या मृत्यूनंतर १८२६ला छापला गेला, त्यात फरक स्पष्ट आहे: टेररने मन विस्तारतं, जागं होतं, हॉररने गोठतं. 'युडॉल्फो'त काळ्या पडद्यामागे काय हे ती शेकडो पानं सांगतच नाही, शेवटी कळतं मेणाचा पुतळा, तर मॅथ्यू लुईसच्या 'द मंक' कादंबरीमध्ये (१७९६) सडकी प्रेतं सरळ समोरच. हे दोन शेजारी ठेवून वाचा.

मग जेन ऑस्टिनचं 'नॉर्थँगर ॲबी' घ्या, त्यात याच गॉथिकची थट्टा आहे. वादळी रात्री त्यातली युडॉल्फोवेडी हिरॉइन कॅथरीन जुन्या कपाटातून कागदांची गुंडाळी काढते, मेणबत्ती विझते, तीन वाजेपर्यंत पोरीला झोप नाही, आणि सकाळी बघते तर धोब्याची बिलं. हे वाचून मी युडॉल्फो परत उघडलं.