बुद्धिबळाच्या ग्रुपमध्ये उत्तर आधीच फुटू नये म्हणून

कोडं टाकलं की पहिल्याच मिनिटाला कोणीतरी 'वजीर एच७, मात' लिहून टाकतं आणि बाकीच्यांची मजा जाते. त्यावर सोपा उपाय आहे.

१. ग्रुप टेलिग्रामवर काढा. सेटिंगमध्ये 'टॉपिक्स' चालू करून कोडी, स्वतःचे डाव आणि गप्पा असे तीन कप्पे करा. सुरुवातीला तीन पुरे. जास्त केले तर निम्मे ओस पडतात.

२. उत्तर लिहून झालं की तो मजकूर निवडा आणि फॉरमॅटिंगमधून 'स्पॉयलर' द्या. उत्तर झाकलं जातं, ज्याला पाहायचंय तोच बोट लावून उघडतो. हा नियम ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

३. पटाचा तिरका फोटो नको, त्यात उंट कुठला आणि प्यादं कुठलं हेच कळत नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरच्या बोर्ड एडिटरमध्ये मोहरी मांडा आणि खालची फेन ओळ (पटावरची स्थिती अक्षरं-आकड्यांत लिहिलेली ओळ) कॉपी करून ग्रुपवर टाका. लिचेस पूर्ण मोफत आहे. ती ओळ तिथे पेस्ट केली की प्रत्येकाला तीच स्थिती हलवून पाहता येते. पुढची चाल पांढऱ्याची की काळ्याची, हेही त्या ओळीतच असतं.

मात्र चालू असलेल्या डावाची स्थिती ग्रुपवर टाकू देऊ नका. ऑनलाइन डावात अशी मदत घेणं फसवणूक ठरतं आणि खातं बंद होऊ शकतं.