मजकुरातला संदर्भ: कंस कुठे उघडायचा, कुठे मिटायचा

मुरलेला परीक्षक प्रबंध पहिल्या पानापासून वाचत नाही. मधलं एखादं प्रकरण उघडतो, एक कंस निवडतो आणि ते पुस्तक काढून तेच पान बघतो. तिथे ती गोष्ट सापडली नाही, की पुढच्या सगळ्या कंसांवरचा त्याचा विश्वास उडतो. मजकुरातल्या संदर्भाला दोन कामं असतात: वाचकाला नेमक्या पानावर नेऊन सोडणं, आणि दुसऱ्याचं म्हणणं कुठे संपलं नि तुमचं कुठे सुरू झालं ते दाखवणं. पहिलं काम बहुतेकांना जमतं. घोळ होतो तो दुसऱ्यात.

एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातला हा परिच्छेद बघा (प्रियोळकर म्हणजे भारतातल्या छपाईच्या इतिहासाचे अभ्यासक अ. का. प्रियोळकर):

गोव्यात १५५६ साली छापखाना आला. तो सेंट पॉल कॉलेजात होता. पुढे देशी भाषांतली छपाई मात्र खुंटली. याचं कारण राज्यकर्त्यांच्या भाषाधोरणात शोधायला हवं (प्रियोळकर, १९५८).

वाक्यं चार, कंस एक. यातलं प्रियोळकरांचं किती? शेवटचं अनुमान विद्यार्थ्याचं स्वतःचं असेल, तर त्याने ते प्रियोळकरांच्या पदरात घातलं. प्रियोळकरांचं असेल, तर पहिली तीन वाक्यं उघडी पडली. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस ठोकायची ही सवय सगळ्यात जास्त आढळते. दुरुस्त परिच्छेद असा (पृष्ठांक नमुन्यादाखल आहेत):

गोव्यात १५५६ साली छापखाना आला आणि तो सेंट पॉल कॉलेजात होता (प्रियोळकर, १९५८, पृ. ७). पुढे देशी भाषांतली छपाई खुंटली, हेही प्रियोळकरांनी नोंदवलं आहे (पृ. २०). या खुंटण्याचं कारण राज्यकर्त्यांच्या भाषाधोरणात शोधावं लागेल, असं प्रस्तुत प्रकरणात मांडलं आहे.

‘प्रियोळकरांनी नोंदवलं आहे’ आणि ‘प्रस्तुत प्रकरणात मांडलं आहे’ हे दोन शब्दसमूह शेतातल्या मेरेचं काम करतात. त्यांच्या मते, त्यांनी दाखवून दिलं आहे, यावरून असं दिसतं की: अशी क्रियापदं हाताशी ठेवा, पण अर्थ बघून वापरा. ज्याने नुसता अंदाज केला त्याच्या नावावर ‘सिद्ध केलं’ लिहू नका.

कंसाची रचना सोपी आहे. एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन रूढ पद्धती. एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे आडनाव, साल, पान, मध्ये स्वल्पविराम. एमएलएत साल नसतं, स्वल्पविरामही नसतो: (प्रियोळकर ७). कोणती पद्धत घ्यायची ते पहिल्याच महिन्यात मार्गदर्शकांना विचारून मोकळं व्हा. दोन पद्धतींची खिचडी मात्र करू नका. पूर्णविराम कंसानंतर येतो. लेखक दोन असतील तर ‘आणि’, तीन किंवा जास्त असतील तर पहिल्यापासूनच ‘व इतर’. एकाच लेखकाची एकाच सालातली दोन पुस्तकं १९९५अ, १९९५आ अशी वेगळी करायची आणि शेवटच्या संदर्भसूचीतही तीच अक्षरं लावायची. एका कंसात दोन संदर्भ असतील तर मध्ये अर्धविराम.

मराठीतली अडचण विभक्तीची. प्रत्यय नावाला लागतो, कंसाला नाही. ‘प्रियोळकरांनी (१९५८)’ बरोबर. ‘(प्रियोळकर, १९५८)च्या मते’ वाचताना जीभ अडखळते. वाक्यात आदरार्थी बहुवचन ठेवा, पण कंसात डॉ., प्रा., श्री. काही नको. आणि गोव्यात नाईक, कामत, फर्नांडिस यांना तोटा नाही. सूचीत दोन नाईक असले, तर मजकुरात दर वेळी आद्याक्षरं घालावी लागतात.

पोर्तुगीज नावं हा आपल्याकडचा खास खड्डा. जुआकिं एलिओदोरु द कुन्या रिव्हारा यांना एकजण मजकुरात ‘कुन्या रिव्हारा’ करतो, दुसरा ‘द कुन्या’, आणि सूचीत ते ‘र’खाली असतात. पोर्तुगीज रिवाजात शेवटचं आडनाव धरतात आणि द, दा, दुश हे शब्द वर्णक्रमात मोजत नाहीत. तेव्हा सूचीत ‘रिव्हारा’ ठेवलंत, तर मजकुरातही ‘रिव्हारा’च. लेखनही एकच: एका पानावर रिव्हारा, दुसऱ्यावर रिवारा असं झालं, की संगणकावर शोधताना निम्मे संदर्भ निसटतात. टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाला पुस्तकावरचंच नाव द्यायचं. कंसात शणै गोंयबाब आणि सूचीत वालावलीकर, असं चालत नाही.

प्राचीन ग्रंथांना पान उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीत ते बदलतं. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी द्यायची. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाला पुराण, अवस्वर (म्हणजे सर्ग) आणि ओवी: मराठीची थोरवी गाणाऱ्या प्रसिद्ध ओव्यांसाठी १.१.१२२-१२३. म्हणजे पहिलं पुराण, पहिला अवस्वर. आता साल कोणतं? ग्रंथ छापला गेला १६१६ साली, पण त्या छपाईची प्रत आज मिळत नाही, म्हणजे तुम्ही ती पाहिलेली नाही. तुमच्या हातात सालढाणांची १९०७ची मंगळूर आवृत्ती असेल, तर (स्टीफन्स, १६१६/१९०७, १.१.१२२) असं लिहा. नुसतं १६१६ लिहिणं ही थाप आहे, भले ती नकळत मारलेली असो.

हाच न्याय दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेल्या अवतरणाला. मूळ पोर्तुगीज कागद तुम्ही उघडलाच नसेल, तर ज्याच्या पुस्तकात तो वाचलात त्याचं नाव, साल, पान ‘उद्धृत’ या शब्दासह कंसात द्या आणि सूचीतही त्याच पुस्तकाची नोंद करा. त्याने नक्कल करताना चूक केली असेल, तर ती त्याच्या नावावर राहते.

पणजीच्या पुराभिलेख खात्यात बसून ‘मोंसोइंश दु रेयनु’सारख्या लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराच्या दप्तरांतून थेट टिपणं काढत असाल, तर कंसाचा नाद सोडा आणि तळटीप वापरा. संग्रहाचं नाव, खंडाचा क्रमांक, पत्राची तारीख आणि फोलिओ (दप्तरातलं क्रमांकित पान) एवढं कंसात घातलं तर वाक्याचा श्वास कोंडतो. फोलिओला दोन बाजू असतात. पुढची की मागची ते टिपण काढतानाच लिहून ठेवा. नंतर त्या एका अक्षरासाठी पुन्हा पणजीची बस धरावी लागते. तुम्हीच केलेला अनुवाद असेल, तर ‘भाषांतर प्रस्तुत लेखकाचं’ असं सांगा आणि मूळ ओळी तळटिपेत द्या. तळटिपांत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) जपून वापरा: मध्ये एक नवी टीप घुसवली की ते गुपचूप भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. मसुदा चालू असेपर्यंत आडनाव आणि छोटं शीर्षकच लिहावं. तत्रैव शेवटच्या हातात.

जुन्या मराठी पुस्तकांवर साल शालिवाहन शकात छापलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष ते फाल्गुनातला बराच भाग मात्र ७९ मिळवून. महिना माहीत नसेल तर शके १८५० (१९२८-२९) असं दोन्ही ठेवा.

धालो, जागर या गोव्यातल्या लोककलांवर गावोगाव फिरून काम करणाऱ्यांनी मुलाखतीचा संदर्भ मजकुरातच द्यायचा: सांगणारीचं नाव किंवा संकेतक्रमांक, गाव, पूर्ण तारीख. ध्वनिमुद्रण नसलेलं बोलणं एपीए सूचीत घेत नाही, कारण वाचकाला ते मिळवता येत नाही. नाव छापायला तिची संमती नसेल, तर संकेतक्रमांकच.

सगळ्यालाच संदर्भ लागतो असंही नाही. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, याला कंस लावणं म्हणजे सूर्य पूर्वेला उगवतो याला साक्षीदार आणणं. पण गोव्याच्या १९६७च्या जनमत कौलात मतांचा फरक ३४,०२१ होता असं लिहिलंत, तर आकडा कुठून घेतला ते सांगायलाच हवं.

अवतरण चाळीस शब्दांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर अवतरणचिन्हं काढून अर्धा इंच आत सरकवलेला वेगळा परिच्छेद करा. इथे मात्र पूर्णविराम आधी आणि कंस नंतर. चिन्हं आणि कंस चोख असलेलं अवतरण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याच्या टक्क्यांत धरत नाहीत. चार शब्द बदलून तेच वाक्य चिन्हांशिवाय ठेवलं तर धरतात, आणि १० टक्क्यांच्या पुढे गेलात की प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो. तेव्हा स्वतःच्या शब्दांत लिहायचं असेल, तर पुस्तक मिटा, आठवून लिहा, मग उघडून ताडा. अशा मजकुरालाही कंस लागतोच.

छापण्याआधी वर्डमध्ये उघडा कंस शोधत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जा. प्रत्येक नावापुढे सूचीत पेन्सिलीने खूण करा. शेवटी ज्या नोंदीला खूण नाही ती काढा, आणि ज्या कंसाला नोंद नाही त्याचं पुस्तक शोधा.