युजरचा मेल आयडी बदलला की पोस्टफिक्समध्ये काय काय करायचं

आडनाव बदललं, माणूस सोडून गेला, नाहीतर कंपनीचं अख्खं डोमेनच बदललं, यातलं काहीतरी होतंच आणि मग ॲडमिन काय करतो तर नवीन मेलबॉक्स बनवतो, जुना उडवतो आणि मोकळा होतो. जुन्या आयडीवर मेल टाकणाऱ्याला 'युजर अननोन' असा कोरडा बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही अशी सूचना, जातो, त्याला वाटतं आपलंच स्पेलिंग चुकलं, तो परत टाकतो, परत बाउन्स. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं टाळता येतं आणि फार कॉन्फिगपण लागत नाही, फक्त आधी एक ठरवायचं की मेल गुपचूप नवीन आयडीवर वळवायचा का पाठवणाऱ्याला सांगायचं की बाबा पत्ता बदललाय. माझं मत विचाराल तर दोन्ही करायचं, पण एकामागून एक, आधी काही महिने वळवायचं आणि मग सांगून नाकारायचं. कायम वळवत राहिलात तर जुना आयडी कधीच मरत नाही, कारण पाठवणाऱ्याला कळायचं काही कारणच नसतं ना.

उदाहरणाला नेहा धरू, जुना आयडी नेहा.के आणि नवीन नेहा.पी, डोमेन तेच. सेटिंग्जची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, सर्व्हरवर ती रोमन छोट्या अक्षरांत आणि मधे अंडरस्कोर टाकून लिहायची.

पहिला टप्पा म्हणजे वळवणं. यासाठी व्हर्च्युअल एलियास मॅप्स वापरा, म्हणजे कुठला आयडी कुठे वळवायचा याचं टेबल. फाईलमध्ये एक ओळ, डावीकडे जुना पूर्ण आयडी, स्पेस, उजवीकडे नवीन पूर्ण आयडी. मग त्या फाईलवर पोस्टमॅप चालवायचं, ही कमांड फाईलचं पोस्टफिक्सला वाचता येणारं टेबल बनवते, आणि मेन डॉट सीएफमध्ये, म्हणजे पोस्टफिक्सच्या मुख्य कॉन्फिग फाईलमध्ये, सेटिंग नव्याने टाकलं असेल तर पोस्टफिक्स रिलोड. बऱ्याच गाईडमध्ये टेबलचा प्रकार हॅश दिलेला असतो पण नवीन लिनक्समध्ये बऱ्याच ठिकाणी हॅशमागचा बर्कली डीबी हा डेटाबेस काढून टाकलाय आणि एलएमडीबी हा दुसरा आलाय, म्हणून आंधळेपणाने कॉपी पेस्ट करू नका, पोस्टकॉन्फ डॅश एम मारा, तुमच्याकडे कुठले प्रकार चालतात त्याची यादी येईल. नेहाने प्लस लावून आयडी वाटले असतील, म्हणजे नेहा.के प्लस बिल वगैरे, आणि रेसिपियंट डिलिमिटर, म्हणजे आयडीचे भाग पाडणारं चिन्ह, प्लस असं सेट असेल तर त्याची वेगळी ओळ लागत नाही, प्लसच्या पुढचा भाग आपोआप नवीन आयडीला चिकटून जातो.

चेक करताना लगेच टेस्ट मेल टाकत बसू नका. पोस्टमॅप डॅश क्यू, पुढे जुना आयडी, पुढे टेबलचं नाव. उत्तरात नवीन आयडी छापून आला तर टेबल बरोबर आहे, काहीच नाही आलं तर पोस्टमॅप चालवायचं राहिलंय नाहीतर स्पेलिंग बघा.

आता खरी कटकट. वळवायचा पत्ता तुमच्याच सर्व्हरवर असेल तर काही प्रश्न नाही, पण समजा नेहा कंपनी सोडून गेलीय आणि मेल तिच्या बाहेरच्या आयडीवर पाठवायचाय तर एसपीएफ, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतो याची तपासणी, मोडतो, कारण पुढच्या सर्व्हरला मेल तुमच्या आयपीवरून आलेला दिसतो आणि मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये तुमचा आयपी नसतो. लोक सांगतात एसआरएस लावा, म्हणजे पाठवणाऱ्याचा एन्व्हलपवरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) पत्ता तुमच्या डोमेनचा करा, त्यासाठी पोस्टएसआरएसडी हा प्रोग्रॅम टाका, आणि ते टाकाच, पण त्याने फक्त एसपीएफ पास होतो, तोही तुमच्या डोमेनच्या नावाने. डीमार्क या फ्रॉम खरा आहे का बघणाऱ्या तपासणीला फ्रॉममधल्या डोमेनशी जुळणारा एसपीएफ नाहीतर डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतो, म्हणजे शेवटी सगळा भार डीकेआयएमच्या सहीवर येतो. म्हणून वळवताना मेलला हातही लावायचा नाही, खाली डिस्क्लेमर चिकटवणं बंद, सब्जेक्टमध्ये टॅग घालणं बंद. आणि स्पॅम फिल्टर वळवण्याच्या आधी चालला पाहिजे, नाहीतर तिच्या नावावर आलेला कचरा तुम्ही तुमच्या आयपीवरून पुढे ढकलताय आणि बदनामी तुमची होतेय.

दुसरी बाजू विसरली जाते ती म्हणजे जाणारा मेल. नेहाच्या फोनमध्ये अजून जुनाच फ्रॉम आयडी भरलेला असतो, ती रिप्लाय करते, समोरच्याच्या ॲड्रेस बुकमध्ये परत जुनाच सेव्ह होतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. याला सेंडर कॅनॉनिकल मॅप्स आहे, जुना आयडी डावीकडे, नवीन उजवीकडे, एन्व्हलप आणि हेडर दोन्ही बदलतं. पण डीफॉल्टला पोस्टफिक्स हेडर फक्त स्वतःच्या मशीनवरून आलेल्या मेलचं बदलतो, फोनवरून लॉगिन करून पाठवलेल्याचं नाही, त्यामुळे एन्व्हलप नवीन आणि फ्रॉम जुना असा अर्धवट प्रकार होतो आणि माणूस डोकं खाजवत बसतो. लोकल हेडर रीराइट क्लायंट्समध्ये परमिट एसएएसएल ऑथेंटिकेटेड (म्हणजे लॉगिन केलेले) ॲड करा, मग होतं. एसएमटीपीडी सेंडर लॉगिन मॅप्स, म्हणजे कुठल्या लॉगिनला कुठला फ्रॉम आयडी चालतो याची यादी, वापरत असाल तर तिथे नेहाच्या लॉगिनला दोन्ही आयडी द्या, नाहीतर तिचा मेलच रिजेक्ट होईल.

वळवण्याच्या काळात माणसांना कळवायचं असेल तर सिव्ह या मेल फिल्टरचा व्हेकेशन नावाचा ऑटो रिप्लाय ठीक आहे, 'माझा आयडी बदललाय, हा नवीन' एवढंच. एक गोष्ट मात्र अडते, व्हेकेशन तेव्हाच उत्तर देतो जेव्हा टू किंवा सीसीमध्ये त्याच्या ओळखीचा आयडी असतो, आणि इथे टूमध्ये तर जुना आयडी आहे, म्हणून ॲड्रेसेस पॅरामीटरमध्ये जुना आयडी लिहायलाच हवा. एका पाठवणाऱ्याला डीफॉल्टला ७ दिवसांत एकदाच उत्तर जातं, ते तसंच राहू द्या.

किती दिवस वळवायचं हे लॉग सांगतो. एलियासमधून गेलेल्या मेलच्या ओळीत टूमध्ये नवीन आयडी असतो आणि शेजारीच ओरिग टू मध्ये जुना. तेवढं ग्रेप कमांडने शोधा, क्यू आयडीवरून, म्हणजे लॉगमधल्या प्रत्येक मेलच्या क्रमांकावरून, पाठवणारे काढा. नुसती न्यूजलेटरं आणि नोटिफिकेशनं उरली की दुसऱ्या टप्प्याची वेळ झाली. साधारण सहा महिने मी धरतो, पण बँक किंवा सरकारी पोर्टलचे मेल दिसले तर आधी युजरला तिथला आयडी बदलायला लावा, ते ऑटो रिप्लाय वाचत नाहीत.

दुसरा टप्पा, रिलोकेटेड मॅप्स, म्हणजे हललेल्या आयडींचं टेबल. एलियासची ओळ पुसायची, पोस्टमॅप करायचं, आणि रिलोकेटेड फाईलमध्ये डावीकडे जुना आयडी, उजवीकडे नवीन पत्ता. आता कोणी जुन्यावर मेल टाकला की रेसिपियंट सांगतानाच ५५० ५.१.६ हा नकाराचा कोड येतो, 'युजर हॅज मूव्ह्ड टू' आणि पुढे तुम्ही लिहिलेला मजकूर. मेल आत घेऊन मागाहून बाउन्स करण्यापेक्षा हे दारातच नाकारणं कधीही चांगलं, खोट्या फ्रॉमवाल्या स्पॅमचे बाउन्स भलत्याच माणसाच्या डोक्यात जात नाहीत. गंमत म्हणजे २००३ च्या आरएफसी ३४६३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ५.१.६ चा अर्थ 'मेलबॉक्स हलला, पुढचा पत्ता नाही' असा आहे आणि आपण त्याच कोडसोबत पुढचा पत्ता देतोय. यासाठी खरा कोड ५५१ आहे, तो १९८२ च्या आरएफसी ८२१ पासून आहे, सेंडमेल या दुसऱ्या मेल सर्व्हरचं रीडायरेक्ट फीचर तोच देतं. मेल दोन्हीत नाकारलाच जातो, त्यामुळे यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ओळ टाकली तरी मेल नाकारला जात नसेल तर कॅच ऑल, म्हणजे डोमेनवरचा कुठलाही आयडी पकडणारी ओळ, आहे का बघा. एलियासमध्ये पूर्ण डोमेनची ओळ असेल तर ती आधी लागते, रिलोकेटेडपर्यंत गाडी पोचतच नाही. डोमेन बदलताना लोक नेमकी हीच ओळ टाकतात, जुनं डोमेन डावीकडे, नवीन उजवीकडे, एका ओळीत काम, पण त्यामुळे जुन्या डोमेनवरचा कुठलाही आयडी, अगदी कधी नसलेलासुद्धा, चालू असल्यासारखा स्वीकारला जातो आणि मग मागून बाउन्स सुटतात. युजरची यादी काढून एकेक ओळ स्क्रिप्टने बनवा. आणि जुनं डोमेन रिन्यू करत रहा, सोडलंत तर दुसरा कोणी घेईल आणि तुमचे पासवर्ड रीसेट त्याच्याकडे जातील. याच कारणाने नेहा.के हा आयडी नवीन आलेल्या दुसऱ्या कोणाला देऊ नका, अजिबातच नाही.

रिलोकेटेडमधला मजकूर जो कोणी मेल टाकेल त्याला दिसतो, स्पॅमरलाही. कोणी त्रासाला कंटाळून आयडी बदलला असेल तर तिथे नवीन आयडी लिहायचाच नाही, ऑफिसचा कॉमन आयडी किंवा फोन नंबर टाका, पोस्टफिक्सला ते ईमेलच असायला हवं असं काही नाही. ओळ कधी आणि का टाकली ते लक्षात राहायला कॉमेंट लिहा, पण हॅशचं चिन्ह टाकून वेगळ्या ओळीवर, त्याच ओळीच्या शेवटी लिहिलंत तर पोस्टमॅप त्याला मजकूरच समजतो आणि तुमची खासगी टीप रिजेक्ट मेसेजमध्ये जगाला दिसते.