वाड्यातील जुने कागदी व्यक्तिचित्र: पारख आणि जपणूक

विदर्भातील मालगुजार-देशमुखांच्या जुन्या वाड्यांत पेटारा उपसताना कधीकधी लाल कापडात गुंडाळलेले, तळहाताएवढे कागदी व्यक्तिचित्र हाती लागते, आणि घरातले कोणीतरी मायेने ते ओल्या फडक्याने पुसते. या चित्रांतील रंग बहुधा डिंकात कालवलेले असतात व डिंक पाण्यात विरघळतो. पूर्वजाचा चेहरा अशा एका पुसण्यात जातो. म्हणून चित्राला पाणी किंवा खोडरबर लावू नये. खाली ताठ पुठ्ठा सरकवून ते उचलावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि जुनी चौकट, कापड किंवा चिठ्ठी फेकू नये, कारण चित्र कोणाचे व कोठून आले याचा अनेकदा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

पारखेसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे. चेहऱ्याची छाया सलग करडी किंवा तपकिरी असून रंग केवळ वरून दिलेला वाटला, तर ते रंगवलेले छायाचित्र असण्याचा संभव आहे. हाताने काढलेल्या चित्रात मिशीचा केस न् केस वेगळा ओढलेला आढळतो, आणि बाजूने तिरपा उजेड टाकला की पांढऱ्या रंगाचे मोती किंचित उठून दिसतात. कडेला कागदाचे एकावर एक चिकटवलेले थर दिसले, तर ती घोटलेली वसली, म्हणजे थर चिकटवून गुळगुळीत केलेला चित्रकामाचा जाड कागद, असू शकते. विलायती कागदातील जलचिन्हात वर्ष असल्यास चित्र त्याआधीचे नाही, एवढेच त्यावरून ठरते. पांढऱ्या रंगात टायटॅनियम सापडले तर तो रंग साधारण १९२० नंतरचा असतो. मात्र तो नंतरच्या डागडुजीचाही असू शकतो.

मागील बाजूची मोडीतली ओळ जाणकाराकडून वाचून घ्यावी, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाले, आणि चित्रावर राजाचे नाव नंतरच्या मालकानेही घातलेले असू शकते. नजर तयार करण्यासाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे अजब बंगल्यातील, चित्रे निवांत पाहावीत. १०० वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते व खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. विक्रीचा विचार करण्यापूर्वी नोंदणीची चौकशी करावी.

आपल्याकडील हवा या चित्रांची मोठी वैरीण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कागद आक्रसतो, पावसाळ्यात तो फुगतो, आणि वरचा रंग त्याच्याबरोबर तेवढा ताणत नसल्याने त्याचे पोपडे सुटतात. त्यामुळे चित्र कूलरच्या खोलीत, देवघरातील धुराजवळ किंवा ओल येणाऱ्या बाहेरील भिंतीवर ठेवू नये. आतल्या खोलीतील कपाटात, जमिनीपासून उंच, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पाकिटात आडवे ठेवावे. चौकटीत लावायचेच असेल तर काच रंगाला टेकू देऊ नये व उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास ठेवावा. चिकटपट्टी, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांपासून ते दूर ठेवावे. लॅमिनेशन झालेले चित्र सोडवणे जवळपास अशक्य असते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा झाल्यास पुरचुंडीत, चित्राला न लागेल असा ठेवावा.

हिरव्या रंगामागे कागद तपकिरी पडून ठिसूळ होत असेल तर तांब्यापासून केलेला जंगाल हा हिरवा रंग कागद खात असण्याची शक्यता आहे, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. असे चित्र, किंवा पोपडे सुटलेले चित्र, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रासारख्या प्रशिक्षित हातांकडेच न्यावे. एरवी पोळा झाल्यावर एकदा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा पाकीट उघडून कसर लागली आहे का, बुरशीचे ठिपके आले आहेत का, हे पाहावे व पहिल्या छायाचित्रांशी ताडून घ्यावे.