पेरणीआधी बियाण्याची परीक्षा: काय काय तयार ठेवावं

हस्ताचा पाऊस पडून रानात ओल झाली की सोलापूरकडे कुणाला दम निघत नाही. पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, जुंपायच्या घाईत बियाणं उगवतं का हे बघायचं राहून जातं. म्हणून ही तयारी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या.

आधी बियाणं. घरची मालदांडी ज्वारी असेल तर प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून परातीत मिसळा आणि डोळे झाकून १०० दाणे मोजा. टपोरे तेवढे वेचू नका. रानात काही आपण वेचून पेरत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण त्यानं कुणाच्या पोत्यातलं बी उगवत नाही. हरभरा पेरायचा असेल तर त्याचे १०० दाणे वेगळे.

त्याच रात्री दोन्हींचे चार-चार दाणे वाटीत भिजत घाला. सकाळी हरभऱ्याचं साल सोललं की दोन दलं सुटतात. आपण जिला डाळ म्हणतो ती हीच, कोंबाची शिदोरी. टोकाची चोच म्हणजे होणारं मूळ आणि दलांमध्ये दडलेला बारीक कोंब म्हणजे होणारं खोड. डाळ भरडताना हा जीवच तुटून जातो, म्हणून डाळ कितीही भिजवा, उगवत नाही. ज्वारीचं वेगळं. तिच्यात दल एकच, आणि शिदोरी त्या दलात नसते. ज्याची आपण भाकरी करतो ते पीठच शिदोरी. कोंब बुडाकडे, एका बाजूच्या फिकट खळगीत असतो. दाणा भिजला की त्यात अमायलेज हे पीठ विरघळवणारं विकर तयार होतं, पिठाची साखर होते आणि ते एकुलतं दल ती साखर कोंबाला पोचवतं. सोंड्यानं, म्हणजे धान्य पोखरणाऱ्या किडीनं, नेमकं त्या खळगीत भोक पाडलं असेल, तर बाकी दाणा धडधाकट असून उपयोग नाही.

आता गोणपाट. जुना चालेल, पण खताचा किंवा औषधाचा नको. धुऊन, भिजवून पिळून घ्या. ओला हवा, गळता नको, कारण पाण्यात बुडालेल्या बियाला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाका, सैल गुंडाळी करून सुतळीनं बांधा आणि सावलीत ठेवा. उजेडाची गरज नाही, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मात्र हवा. वाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी सुतळीला अडकवा, नाहीतर घरात वाद होतात.

मोजणीत मी स्वतः फसलोय. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी गुंडाळी उघडली, सगळे दाणे टम्म फुगलेले. खुशीत पेरलं आणि रानभर नांग्या पडल्या, म्हणजे ओळींत मोकळ्या जागा राहिल्या. मेलेला दाणाही पाण्यानं फुगतो. जिवंत असेल तर पुढे साल फोडून मूळ बाहेर येतं. ज्वारी चौथ्या दिवशी एकदा आणि दहाव्या दिवशी शेवटची मोजा, हरभरा पाचव्या आणि आठव्या. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच दाणे धरा. बुरशी लागलेले, कोंब तुटलेले बाद.

प्रमाणित बियाण्यात ज्वारीची उगवण किमान ७५ टक्के लागते, हरभऱ्याची ८५. ज्वारीचं एकरी ४ किलो बी ७५ टक्क्यांना धरलं आणि तुमचे ६० दाणेच उगवले, तर ५ किलो घ्या. ५० च्या खाली गेलं तर ते पोतं भाकरीला. म्हणूनच काणी या कणसाच्या रोगासाठीचं गंधक, किलोला ४ ग्रॅम, परीक्षेनंतरच चोळायचं; एकदा चोळलं की ते धान्य माणसाला चालत नाही, जनावरालाही नाही.

शेवटी पाभर. ज्वारीच्या कोंबाला टोकदार टोपी असते, ती घालून तो जमीन फोडतो. हरभऱ्याला टोपी नाही. दलं मातीतच राहतात आणि कोंब मान वाकवून वर येतो. ज्वारीचं बी साधारण ५ सेंटिमीटरवर, ओलीत पडायला हवं. फार खोल गेलं तर उजेड दिसायच्या आत शिदोरी संपते. तेव्हा आदल्या संध्याकाळी एक तास मारून बघा, काडी खुपसून खोली मोजा आणि मगच फण आवळा.